उजव्या अंगाचा वारा

कांजूरच्या नाक्यावर गणपतीच्या मांडवाचे बांबू अजून काढले नव्हते. त्यांनाच बांधलेला नवा फ्लेक्स श्रुतिकाने पाहिला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि तिच्या हातात दुधाच्या दोन पिशव्या होत्या. फ्लेक्सवर तिचं नाव होतं, कु. श्रुतिका चंद्रप्रकाश मेस्त्री. खाली ‘ऑलिंपिक सुवर्णकन्या’, त्याखाली संध्याकाळच्या सत्काराची वेळ, आणि तळाशी मंडळाच्या अकरा कार्यकर्त्यांचे गोल गोल चेहरे. मधोमध निळ्या पाण्यावर कललेली शिडाची बोट होती आणि बोटीबाहेर पाठ जवळजवळ पाण्याला टेकेपर्यंत झुकलेली एक मुलगी. डोक्याला टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, नाकागालांवर उन्हासाठी फासलेला पांढरा लेप. ती मुलगी श्रुतिका नव्हती. ती चेतना नाबर होती. आज श्रुतिकाची कोच, आणि त्याआधी कितीतरी वर्षं तिची प्रतिस्पर्धी.

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. टोपी, चष्मा आणि लेप घातला की सगळ्या सारख्याच दिसतात. पण चेतनाची डावी करंगळी दोरावर कधी बसत नाही, ती बाहेर राहते, आणि ती करंगळी श्रुतिकाने आपल्या स्वतःच्या हातापेक्षा जास्त पाहिली होती. शेजारी चक्कीवाल्याने तिला हाक मारून फोटो कसा आलाय विचारलं, तर ती चांगला आलाय म्हणाली. पदक मिळून चार आठवडे झाले होते. चार आठवडे ती हार, पेढे आणि माइक यांच्यामधून चालत होती आणि कुठेही अडखळली नव्हती. इथे, घरापासून शंभर पावलांवर, तिला कुणीतरी दंडाला धरून थांबवल्यासारखं झालं. राग आला नाही, हसूही आलं नाही. चोरी पकडली गेल्यासारखी आणि आपण काय चोरलं हे तिला नीट माहीत असल्यासारखी ती त्या फ्लेक्सखाली उभी राहिली. मग तिला कोपरा दिसला. चेतनाच्या बोटीच्या उजवीकडे, फ्लेक्स जिथे संपत होता तिथे, एका दुसऱ्या बोटीचं टोक आत आलं होतं, पांढरं, वीतभर. छापणाऱ्याने बाकीची बोट कापून टाकली होती. ते टोक श्रुतिकाच्या बोटीचं होतं. दोघींच्या बोटी समोरासमोर इतक्या जवळ एकदाच आल्या होत्या, म्हणजे फोटो पाच वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचा होता.

घरी आई खिडकीतून वाकून तोच फ्लेक्स बघत होती. बाबा खाली जाऊन त्याचा फोटो काढून आले होते आणि गावाकडे सगळ्यांना पाठवत बसले होते. बाबांनी आयुष्यभर लिफ्टच्या दुरुस्तीचं काम केलं, अंधाऱ्या विहिरीसारख्या खोल जागेत उतरून तारा तपासल्या, पण पाण्याची त्यांना भीती होती. मुलगी समुद्रावर जाते हे त्यांनी फोटोंमधूनच पाहिलं होतं आणि फोटोतली प्रत्येक पांढऱ्या लेपाची मुलगी त्यांना आपलीच वाटायची. आई मात्र खिडकीतूनच म्हणाली, “अवो, तुमका दिसता काय? ह्यां आपलां चेडू न्हय.” बाबांनी चष्मा वर करून फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. थोड्या वेळाने मंडळाचा सेक्रेटरी सुयोग घामाघूम होऊन वर आला, कारण आईने खिडकीतूनच त्याला ऐकवलं होतं. नेटवर तुमचं नाव टाकल्यावर हाच पहिला आला, ताई, असं तो पुनःपुन्हा सांगत होता. तासाभरात काढतो, दुसरा लावतो. श्रुतिका म्हणाली, राहू दे. सुयोगला ते मनाचा मोठेपणा वाटला आणि तो जिना उतरताना दोनदा मागे वळून नमस्कार करून गेला. तिला मात्र फक्त तो फोटो आणखी थोडा वेळ तिथे असायला हवा होता, जसं दुखऱ्या दाताला जीभ लागायला हवी असते. तिने कपडे बदलले, संध्याकाळी सहाच्या आत येते म्हणून सांगितलं, आणि मार्वेच्या खाडीवर, चेतनाकडे जायला रिक्षा केली.

पवईचा चढ सुरू झाला तसा रिक्षात वारा शिरला आणि सवयीने तिने तो गालावर मोजला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कांजूरला लहानपणी वाऱ्याची दिशा नाकाने कळायची. पूर्वेकडून आला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास, आई धडाधड खिडक्या लावून घ्यायची. थोडा दक्षिणेला सरकला की मिठागरांचा ओलसर, चुरचुरीत वास. पश्चिमेचा वारा म्हणजे नुसता डिझेल. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये ती गेली ती मैत्रिणीच्या सोबतीने, आणि पहिल्याच कॅम्पला, लहानशा बोटीत बसवल्यावर, वारा फिरायच्या आधी दोन क्षण तिची मान तिकडे वळली. इन्स्ट्रक्टरने तिला परत तेच करायला लावलं. त्या कॅम्पला मालाडहून आलेली एक उंच, दांडगी मुलगी होती. वडील बँकेत, घरात पुस्तकं, बोलणं तोडून टाकल्यासारखं. ती चेतना. जोराचा वारा सुटला की चेतना सगळ्यांच्या पुढे, बोट अशी दाबून धरायची की वाटावं ती बोटीवर नाही, वाऱ्यावरच बसली आहे. वारा पडला की श्रुतिका पुढे. दोघींमधली कोण चांगली हे वाऱ्यावर ठरायचं, म्हणून कधीच ठरलं नाही. दहा वर्षं त्या एकाच खोलीत राहिल्या, एकमेकींचे ओले मोजे वाळवले, एकमेकींच्या पोळ्या खाल्ल्या, आणि पाण्यावर एकमेकींना तसूभर जागा दिली नाही. ते सुख होतं. आता, जोगेश्वरीच्या पुलाखाली रिक्षा अडकलेली असताना, तिला वाटलं की आपल्या करिअरबद्दल लोक विचारतात तेव्हा आपण तारखा सांगतो, आशियाई रौप्य, जागतिक सहावा क्रमांक, ऑलिंपिक, पुन्हा ऑलिंपिक. खरं तर सांगायला हवं ते एवढंच, की डाव्या बाजूला नेहमी एक शीड होतं आणि त्याच्या पुढे जायचं होतं.

मग तो दिवस. पाच वर्षांपूर्वी, आखातातल्या एका बंदरावर, आशियातून ऑलिंपिकला जाण्याची पात्रता स्पर्धा. दोघींपैकी जी वर राहील ती जाणार, देशाची एकच बोट असते. शेवटच्या रेसपर्यंत दोघींमध्ये एका गुणाचं अंतर. वरच्या बोयाकडे, वळणाच्या तरंगत्या खुणेकडे, जाताना दोघी दोन बाजूंनी आल्या. पाण्यावरचा सगळ्यात जुना नियम असा की जिला वारा उजव्या अंगाने लागतो तिला वाट द्यायची. श्रुतिकाला वारा उजवीकडून होता. चेतनाने वाट द्यायला हवी होती. चेतना येत राहिली. श्रुतिका ओरडली. आणि चेतनाची बोट अगदी समोर असताना श्रुतिकाने सुकाणू ढकललं, चार बोटं, फार नाही, आणि दोघी एकमेकींना न लागता गेल्या. मग श्रुतिकाने लाल झेंडा लावला, तक्रार. किनाऱ्यावरच्या एका एसी खोलीत पाच परदेशी माणसांपुढे ती म्हणाली की धडक टाळायला मला वळावं लागलं. चेतनाला विचारलं तेव्हा ती टेबलाकडे बघत म्हणाली, तिला वाटलं असेल तर असेल. चेतना बाद झाली. श्रुतिका ऑलिंपिकला गेली. सगळं नियमाने. फक्त त्या दिवसापासून तिच्या हाताला ती चार बोटं आठवत राहिली. वळावं लागलं, की घाबरून वळले? की तिच्याही खाली, जिथे विचार पोचायच्या आधी हात पोचतो तिथे, हाताला ठाऊक होतं की वळलं तर तक्रार करता येईल? तिने हे आरशासमोर, विमानात, फिजिओच्या टेबलावर पालथं पडून हजार वेळा मनातलं सुकाणू धरून पाहिलं होतं. प्रत्येक वेळी हात वेगळं सांगायचा.

त्या पहिल्या ऑलिंपिकला ती चव्वेचाळीस जणींत एकतिसावी आली. वाईट नाही असं लोक म्हणाले. तिला मात्र रोज पाण्यावर उतरताना वाटायचं की ही जागा आपण अडवून बसलोय. परत आल्यावर तीन आठवड्यांनी चेतनाचा मेसेज आला, वर्षभरानंतरचा पहिला. नमस्कार नाही, चौकशी नाही. ‘तिसऱ्या रेसला डावीकडे का गेलीस?’ श्रुतिका तो मेसेज हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि तिला रडू आलं, कारण सगळ्या देशात एकाच माणसाने ती रेस नीट पाहिली होती. तिने उत्तर लिहिलं, लांबलचक. चेतनाने त्यातल्या चार चुका काढल्या. पुढच्या वर्षी चेतनाच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला, ऑपरेशन झालं, आणि बोटीबाहेर झुकणं बंद झालं. मग एक दिवस ती मार्वेला रबरी बोटीत येऊन बसली, हातात वही, आणि म्हणाली की चल, दहा स्टार्ट कर, बघते. तशी ती कोच झाली. त्या दिवसाबद्दल दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. चेतना तिला रडवेपर्यंत राबवायची. मुद्दाम जोराच्या वाऱ्यात पाठवायची, म्हणायची की हलका वारा तुला देवाने दिलाय, हा मी देते. तीन वर्षांत श्रुतिकाचे खांदे बदलले, मांड्या बदलल्या, भीतीसुद्धा बदलली. युरोपात एका वादळी दुपारी निम्म्या बोटी उलटल्या आणि ती दुसरी आली, तेव्हा चेतनाने वहीत काहीतरी लिहिलं आणि दाखवलं नाही.

रिक्षा मालाडच्या गर्दीत शिरली होती आणि श्रुतिका हसत होती, कारण आता तिला ती शेवटची रेस आठवत होती. ती आठवली की कुठेही हसू यायचं, बँकेच्या रांगेतसुद्धा. दहा जणींची अंतिम रेस, गुण दुप्पट, कमी गुण ती पुढे. ती दुसऱ्या स्थानावर, डच मुलगी तीन गुणांनी पुढे. वारा जवळजवळ नाही. पाणी तेल ओतल्यासारखं. शेवटचा टप्पा वाऱ्याबरोबर खाली यायचा होता, श्रुतिका तिसरी आणि डच मुलगी तिच्या पाठोपाठ चौथी, आणि सगळी दहाही शिडं उजवीकडे, एका कळपात. असं चाललं असतं तर रौप्य होतं. रौप्यसुद्धा केवढं, हा विचार आला, आणि त्याच क्षणी तिची मान डावीकडे वळली. तिथे काही नव्हतं. किंवा होतं, पाण्याचा रंग एक छटा गडद, रुमालाएवढा. ती एकटी निघाली. कळपापासून लांब जाणं किती भयंकर असतं ते बोटीवाल्यालाच माहीत, सगळं जग एका बाजूला आणि तू दुसऱ्या. अर्धं मिनिट ती मागे पडत गेली. मग मानेवरचे केस हलले. शीड भरलं, एखाद्याने झोपेतून उठून दीर्घ श्वास घ्यावा तसं, आणि बोट उचलली गेली. तिने ना दोर ओढला, ना अंग हलवलं, नुसती श्वास धरून बसून राहिली, आणि एकेक शीड तिच्या उजव्या खांद्यामागे जाऊ लागलं. बोटीखाली पाणी बोलायला लागलं. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये तिच्यापुढे कुणीही नव्हतं, नुसतं पाणी, आणि तिच्या तोंडातून आवाज निघत होता, गाणं नव्हे, किंकाळी नव्हे, आईला हाक मारताना लहानपणी निघायचा तसा काहीतरी. ती पहिली आली. डच मुलगी तिसरी. दोन आणि सहा, चारांचं अंतर, त्यातले तीन गेले, एक उरला. हे तिला तेव्हा मोजता आलं नाही. तिने मार्गाबाहेर थांबलेली रबरी बोट शोधली, तर तीत चेतना दिसेना, नुसती टोपी. चेतना बोटीच्या तळाशी बसून बोटांवर गुण मोजत होती, दुसऱ्यांदा. मग ती उभी राहिली, त्या गुडघ्यासकट पाण्यात उडी मारली, पोहत आली आणि बोटीची कड धरून म्हणाली, “एकाने. श्रुती, एकाने.” त्यानंतरचं सगळं, राष्ट्रगीत, आईचा फोनवरचा रडका चेहरा, पदकाचं वजन, हे त्या ‘एकाने’च्या मागून आलं. पदक एकीलाच देतात. कोचला नसतं.

मार्वेच्या शेडमध्ये चेतना एका उलट्या ठेवलेल्या बोटीला ओला पॉलिशपेपर घासत होती. श्रुतिकाने फ्लेक्सची गोष्ट सांगितली, फोनमधला फोटो दाखवला, तशी चेतना हसायला लागली, इतकी की तिला बोटीवर टेकून खाली बसावं लागलं. अकरा गोल चेहरे तिने एकेक करून पाहिले. मग तिने बोटांनी फोटो मोठा केला आणि हसणं हळूहळू थांबलं. तिलाही कोपरा दिसला होता. श्रुतिकाला वाटलं आता फोन परत घ्यावा, पाण्यावर जावं, वारा चांगला आहे. पण तोंडातून वेगळंच निघालं.

“मी वळायला नको होतं का?”

पाच वर्षांत पहिल्यांदा. चेतनाने कुठलं वळणं असं विचारलं नाही. ती बोटीवर साचलेला पांढरा चिखल अंगठ्याने पुसत राहिली. मग म्हणाली, “वळली नसतीस तर मी तुझ्यात घुसले असते.”

“नक्की?”

“मी बघितलंच नव्हतं यार. शिडाखालून वाकून बघायचं, पहिल्या कॅम्पला शिकवतात. मी बोयाकडे बघत होते. तुझा आवाज आला तेव्हा कळलं की तू तिथे आहेस.”

 चेतना पुढे सांगत राहिली, हळू, तिच्या नेहमीच्या तोडून टाकणाऱ्या आवाजात नव्हे. त्या खोलीत तिला हे म्हणता आलं नव्हतं. ऑलिंपिकची जागा गेली कारण मी वाकून बघितलं नाही, हे पाच अनोळखी माणसांपुढे, वडिलांपुढे, कुणापुढेच म्हणता आलं नव्हतं. म्हणून तिला वाटलं असेल तर असेल, असं म्हणाली. “ते मी तुझ्यावर ढकललं,” ती म्हणाली. “माहीत होतं तुला लागणार. लागावं असंच वाटलं होतं.”

श्रुतिकाला राग आला. खरा, गरम, कानापर्यंत. पाच वर्षं ती जी चार बोटं उशाशी घेऊन झोपली ती खरी होती, बरोबर होती, आणि ते एका माणसाला सगळा वेळ माहीत होतं. ती शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिली. खाडीत मनोरीची फेरीबोट गाड्या भरून निघाली होती. हाताची मूठ तिने वळली, उघडली. हात शांत होता. राग कुठे धरावा हे तिला कळेना, कारण ज्या बाईने तिला तो काटा दिला त्याच बाईने पुढची तीन वर्षं उन्हात बसून तिला घडवलं होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात मांडता येत नव्हत्या. मांडायच्याही नव्हत्या. ती आत आली. “पाच वर्षं, चेतना,” एवढंच म्हणाली. चेतनाने मान हलवली.

मग चेतना उठली, हात पुसले, आणि आणखी एक सांगायचंय म्हणाली. गुडघा मार्चपासून बरा आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण ऑलिंपिकआधी सांगितलं असतं तर तुझं लक्ष उडालं असतं. सकाळी लवकर येऊन ती एकटी बोट काढत होती. “जानेवारीत आशियाईची निवड चाचणी आहे. मी नाव दिलंय.”

श्रुतिकाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की जोराच्या वाऱ्यात ही मला मारणार.  आणि तो येतानाच तिने तो ओळखला. हे चार आठवडे झालं नव्हतं. हार घालून घेताना झालं नव्हतं, मुलाखतीत झालं नव्हतं. सुवर्णपदक मिळाल्यावर आता पुढे काय, असं सगळे विचारत होते आणि ती ठरलेलं उत्तर देत होती, आणि आत एक पडलेला वारा होता. आता तिथे काहीतरी हललं.

“म्हणजे उद्यापासून तू माझी कोच नाहीस.”

“नाही.”

“मग माझी वही परत दे.” त्या वहीत श्रुतिकाची प्रत्येक चूक होती, कुठल्या वाऱ्यात ती घाबरते, कुठल्या लाटेवर तिचा हात उशीर करतो, सगळं.

“वही तुझी नाही,” चेतना म्हणाली. “माझ्या अक्षरात आहे.”

दुपारी चार वाजता पश्चिमेचा वारा चढला, पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले. चेतनाचा वारा. दोघींनी बोटी पाण्यात ढकलल्या, दोन बोयांमध्ये मनातल्या मनात रेष मारली, आणि सुटल्या. चेतना पहिली रेस जिंकली, चार बोटींच्या अंतराने. दुसरीही. तिच्या झुकण्यात अजून गुडघ्याची शंका होती, तरी ती बोट अशी दाबून नेत होती की श्रुतिकाला मागून नुसती तिची पाठ आणि उडणारं पाणी दिसत होतं. तिसऱ्या रेसला श्रुतिकाने सगळं लावलं, तीन वर्षांत शिकलेली प्रत्येक गोष्ट, मांड्या पेटल्या, डोळ्यांत मीठ गेलं, अंतर एका बोटीवर आलं, आणि शेवटच्या वळणावर चेतना पुन्हा निसटली. चौथीलाही ऑलिंपिक विजेती मार्वेच्या खाडीत हरली. दंड थरथरत होते, टोपी कुठेतरी उडून गेली होती, आणि तिच्या तोंडातून तोच आवाज निघाला, तेव्हाचा, पन्नास मीटरमधला, कारण समोर पुन्हा एक शीड होतं आणि त्याच्या पुढे जायचं होतं. चेतनाने बोट वाऱ्यात थांबवली, मनगटावरचं घड्याळ दाखवलं, ओरडून सांगितलं की पाच वाजले, सहाचा सत्कार आहे, कांजूरला पोचायला दीड तास लागेल, आई वाट बघत असेल.

“बघू दे,” श्रुतिका म्हणाली, आणि बोटीचं तोंड पाचव्या रेससाठी रेषेकडे वळवलं.